संशोधन आले गावाच्या शिवारात

विज्ञानातील संशोधन म्हटले की शहरातील मोठी इमारत, काचेची उपकरणे आणि पांढरे अंगरखे घातलेली माणसे असे चित्र सर्वसाधारणपणे डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु आता ते अपुरे ठरू लागले आहे. गेल्या काही वर्षांत खगोलशास्त्र, भूभौतिकी आणि वातावरणविज्ञान या शास्त्रांतील जी महत्त्वाची कामे महाराष्ट्रात झाली किंवा हाती घेण्यात आली, त्यांपैकी बरीचशी शहराबाहेर, गावांच्या हद्दीत उभी आहेत. जुन्नर तालुक्यातील खोडद, हिंगोली जिल्ह्यातील औंढा, कोयनेचे खोरे आणि सोलापूरचा अवर्षणप्रवण भाग ही त्यांची ठिकाणे होत.

यामागे केवळ स्वस्त जमिनीचे कारण नाही. आजच्या संशोधनाची साधने अतिशय संवेदनशील झाली आहेत. काहींना रेडिओ लहरींचा गोंगाट चालत नाही, काहींना जमिनीची थरथर चालत नाही. काही संशोधन तर विशिष्ट खडकात किंवा विशिष्ट ढगांतच करावे लागते. शहराला हे देता येत नाही. गावाला देता येते. म्हणूनच आजचा शास्त्रज्ञ गावाच्या सहकार्यावर पूर्वी कधी नव्हता इतका अवलंबून आहे.

साहजिकच ग्रामसभेत तीन प्रश्न उपस्थित होतात. आमच्या शिवारात नेमके काय चालले आहे? त्यासाठी आम्ही काय सोसावयाचे? आणि त्यातून आम्हाला काय मिळणार? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर अफवांना वाव मिळतो आणि संशोधन व गाव या दोघांचेही नुकसान होते. अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना ही उत्तरे देता यावीत, या दृष्टीने येथे पाच कामांचा परिचय करून दिला आहे.

खोडदची रेडिओ दुर्बीण

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद हे गाव आहे. या परिसरात शेतमळ्यांच्या मधून प्रचंड आकाराच्या जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. जीएमआरटी या नावाने जगभर ओळखली जाणारी ही महाकाय रेडिओ दुर्बीण होय. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या येथे आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. हा विस्तार सुमारे २५ किलोमीटरचा आहे. सर्व तबकड्यांनी टिपलेले संदेश एकत्र केले म्हणजे त्या मिळून २५ किलोमीटर व्यासाच्या एकाच दुर्बिणीची सूक्ष्मदृष्टी प्राप्त होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ही वेधशाळा उभारली. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप यांचे सप्टेंबर २०२० मध्ये निधन झाले. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी तिचा सांगाडा अवजड आणि खर्चिक झाला असता. त्याऐवजी पोलादी दोरांच्या आधारावर ताणलेली, न गंजणाऱ्या बारीक तारांची जाळी वापरण्यात आली. वारा जाळीतून निघून जातो. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी मात्र तिच्यावरून परावर्तित होतात. साधी वाटणारी ही युक्ती भारतीय अभियांत्रिकीची मोठी कामगिरी ठरली. २००२ पासून ही दुर्बीण जगातील खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. पुढे तिच्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे व्यापक नूतनीकरण करण्यात आले.

या नूतनीकरणानंतर हाती आलेल्या दोन निष्कर्षांचा येथे उल्लेख केला पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी, या दुर्बिणीच्या साहाय्याने एका अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजन वायूचा संदेश टिपल्याचे जाहीर केले. हा संदेश सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी तेथून निघालेला होता. निघताना त्याची तरंगलांबी २१ सेंटिमीटर होती. विश्वाच्या प्रसरणामुळे ती ताणली जाऊन खोडदला पोहोचेपर्यंत ४८ सेंटिमीटर झाली. वाटेतील दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाप्रमाणे काम करून हा क्षीण संदेश सुमारे तीस पटींनी वाढविला, म्हणून तो टिपता आला.

दुसरा निष्कर्ष २९ जून २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. अवकाशात काही मृत तारे स्वतःभोवती अतिवेगाने फिरतात आणि दीपगृहाच्या झोताप्रमाणे नियमित स्पंदने पाठवितात. त्यांना स्पंदक म्हणतात. त्यांतील काही स्पंदक इतके नियमित असतात की त्यांचा घड्याळासारखा उपयोग करता येतो. युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून २५ स्पंदकांच्या वेधांचा अभ्यास केला. त्यासाठी युरोपातील पाच दुर्बिणींबरोबर खोडदच्या दुर्बिणीचे वेध वापरण्यात आले. या घड्याळांच्या वेळेत पडणारा किंचित फरक हा अवकाशातून जाणाऱ्या अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींमुळे असावा, असा पुरावा या अभ्यासात मिळाला. त्याच सुमारास इतर देशांतील गटांनीही असेच निष्कर्ष मांडले. शास्त्रज्ञांनी त्याला अंतिम सिद्धता न म्हणता पुरावा म्हटले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता गावाने काय सोसावयाचे, हा प्रश्न. अवकाशातून येणारे हे संदेश इतके क्षीण असतात की चंद्रावर साधा मोबाईल संच सुरू ठेवला, तर या दुर्बिणीला तो आकाशातील सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक वाटेल. मग परिसरातील प्रक्षेपण मनोरे, ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या तारा आणि सदोष विद्युत उपकरणे यांचा किती उपद्रव होत असेल, याची कल्पना करता येईल. म्हणून या परिसरात उद्योग किंवा मनोरे उभारण्यापूर्वी वेधशाळेचा विचार करावा लागतो. विकासकामाशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो. पुणे–नाशिक या नियोजित रेल्वेमार्गाची पूर्वीची आखणी वेधशाळेच्या जवळून जात असल्याने हरकत निघाली आणि २०२५ मध्ये हा मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला अशा निर्णयाची झळ बसते, हे मान्य केले पाहिजे. मात्र रेल्वेमार्ग वळविता येतो; तीस तबकड्यांची वेधशाळा आणि तिच्याभोवतीची रेडिओ शांतता दुसरीकडे नेता येत नाही.

गावाला काय मिळते, याचे एक उत्तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास पाहावयास मिळते. या निमित्ताने वेधशाळा जनतेला खुली केली जाते आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे विज्ञान प्रदर्शन भरते. ग्रामीण शाळेतील मुलाला जागतिक दर्जाचे उपकरण आपल्याच तालुक्यात पाहता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

औंढ्याची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा

खोडदला शांतता हवी ती रेडिओ लहरींची. औंढ्याला हवी आहे ती जमिनीची. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र म्हणून सर्वांना परिचित आहे. त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. अंदाजित खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये असून २०३० पर्यंत तो पूर्ण करण्याचे उद्दिष्ट मंजुरीच्या वेळी ठेवण्यात आले. पुण्याचे आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र या संस्थांचा त्यात प्रमुख वाटा आहे. अणुऊर्जा विभाग बांधकामाची जबाबदारी पाहत आहे. लेसर यंत्रणेचे महत्त्वाचे भाग अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेकडून मिळावयाचे आहेत.

गुरुत्वीय लहरी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगता येईल. शांत तळ्यात दगड पडला की तरंग उठून काठापर्यंत येतात. त्याचप्रमाणे अवकाशात दोन अतिजड वस्तू एकमेकींभोवती फिरून आदळल्या की अवकाशातच तरंग उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये गणिताने दाखविले होते. ते प्रत्यक्ष टिपण्यास शंभर वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी असा तरंग प्रथम टिपला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची ती खूण होती. या कामासाठी २०१७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अशा संदेशाला गोंगाटातून वेगळे काढण्याच्या गणिती पद्धतीवर पुण्यातील आयुकाचे प्रा. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभापासूनच मूलभूत काम केले होते, हे महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानास्पद आहे.

वेधशाळेची रचना काटकोनाच्या आकाराची असते. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा प्रकाश पाठविला जातो आणि टोकांच्या आरशांवरून तो परत येतो. गुरुत्वीय लहर जाताना एक भुजा किंचित लांबते व दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढा असला, तरी तो टिपण्याची क्षमता या यंत्रणेत असावी लागते. आरसे सुमारे ४० किलो वजनाचे असून त्यांना जमिनीची थरथर लागू नये म्हणून ते काचेच्या तंतूंनी लोलकासारखे टांगलेले असतात. इतके करूनही बाहेरचा उपद्रव पूर्णपणे टळत नाही. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळेला जवळून जाणाऱ्या रेल्वेगाड्या आणि परिसरातील वृक्षतोड यांमुळे होणाऱ्या कंपनांचा त्रास सहन करावा लागला आहे.

यावरून औंढ्याच्या परिसरातील पंचायतींची जबाबदारी स्पष्ट होते. खडी फोडण्याचे कारखाने, दगडखाणीतील सुरुंग, अवजड वाहनांचे नवे रस्ते यांना मंजुरी देताना या वेधशाळेचा विचार आरंभापासून करावा लागेल. बांधकाम पूर्ण झाल्यावर तक्रार निर्माण होण्यापेक्षा आधीच नियोजन होणे सर्वांच्या हिताचे आहे.

भारतातच ही वेधशाळा कशासाठी, असेही विचारले जाते. दोन कानांनी आवाजाची दिशा कळते. परंतु कान जितके दूर तितकी दिशा अचूक. अमेरिका, इटली आणि जपान येथील वेधशाळांपासून दूर असलेली भारतातील वेधशाळा सुरू झाल्यावर तरंग आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आला, हे पुष्कळ अधिक अचूकतेने सांगता येईल.

या प्रकल्पाकडून अवास्तव अपेक्षा बाळगू नयेत, हेही स्पष्ट केले पाहिजे. गुरुत्वीय लहरींनी विहिरीला पाणी येणार नाही आणि कापसाचा भावही वाढणार नाही. अशा वेधशाळेत कायम नोकऱ्यांची संख्या मर्यादित असते. परंतु निर्वात तंत्र, लेसर, अचूक यंत्रभाग आणि संगणन यांत कुशल मनुष्यबळ लागते. हिंगोली, परभणी, नांदेड या जिल्ह्यांतील तंत्रनिकेतने आणि महाविद्यालये यांनी त्याची तयारी आजपासून केली, तरच या संधीचा लाभ मराठवाड्यातील तरुणांना मिळेल. अन्यथा वेधशाळा औंढ्यात आणि तिचे तंत्रज्ञ बाहेरचे, असे होईल.

कोयनेच्या पोटात तीन किलोमीटर

खोडद आणि औंढा येथील संशोधन आकाशाकडे पाहते. कोयनेचे संशोधन जमिनीच्या पोटात शिरते आणि त्याचा संबंध थेट माणसांच्या जीविताशी आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला ६.३ प्रतीच्या भूकंपाचा धक्का बसला. त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो बेघर झाली. कोयनेच्या जलाशयात १९६० च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागल्यानंतर या भागात धक्के जाणवू लागले होते. जलाशयामुळे उद्दीपित होणाऱ्या भूकंपांचे जगातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणून आज कोयनेकडे पाहिले जाते. तेव्हापासून येथे लहानमोठे धक्के थांबलेले नाहीत. १९८० च्या दशकात वारणा जलाशय भरू लागल्यावर त्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही वाढले. तथापि हे सर्व धक्के सुमारे २० बाय ३० किलोमीटर एवढ्याच मर्यादित पट्ट्यात होतात.

नेमके हेच वैशिष्ट्य संशोधकांना उपयोगाचे वाटले. भूकंप कोठे होणार हे येथे साधारणतः ठाऊक आहे आणि त्यांची खोलीही फार नाही. तेव्हा खडकात खोल विंधन विवर घेऊन तेथेच उपकरणे ठेवली, तर भूकंपाची उत्पत्ती जवळून पाहता येईल, हा विचार पुढे आला. ज्येष्ठ भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी कोयनेच्या अभ्यासाचा आणि या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा स्थापन केली. आरंभी परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची अनेक विवरे घेण्यात आली. त्यानंतर गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शक विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले.

या विवरातून जे समजले, ते महत्त्वाचे आहे. सह्याद्रीचा काळा कातळ येथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. त्याखाली थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागतो. विवरातील तीन किलोमीटरपर्यंतच्या पाण्याच्या तपासणीत ते पावसाचेच झिरपलेले पाणी असल्याचे आढळले. म्हणजे सह्याद्रीवर पडणारा पाऊस भेगांतून इतक्या खोलवर जातो. तसेच येथील खडक मुळातच मोठ्या ताणाखाली असून थोड्याशा बदलानेही तो सरकू शकतो, असे दिसून आले. आधीच ताणलेल्या भेगेत पाण्याचा दाब वाढला, की खडकाच्या दोन बाजूंमधील घर्षण कमी होते आणि त्या सरकतात. जलाशयाच्या पातळीतील चढउतार आणि भूकंप यांच्या संबंधाचे हे स्पष्टीकरण पूर्वीही मांडले गेले होते. आता त्याला खडकातून मिळालेला आधार लाभला आहे. सहा किलोमीटरपर्यंत जाण्याची पुढील योजना आहे.

एवढे खोल विवर घेतल्याने भूकंप होणार नाहीत काय, ही शंका या भागातील नागरिकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विवराची रुंदी काही इंचांची असते, तर भूकंपाला कारणीभूत होणारा ताण शेकडो चौरस किलोमीटरच्या खडकात साठलेला असतो. हे प्रमाण समजावून सांगितले म्हणजे शंका बरीचशी दूर होते. त्याचबरोबर, या संशोधनामुळे भूकंपाचा दिवस व वेळ सांगता येईल, असा समज होऊ देणेही योग्य नाही. असे भाकीत करण्याची पद्धत जगात आज कोठेही उपलब्ध नाही. म्हणून पाटण आणि शेजारच्या तालुक्यांत शाळा, आरोग्य केंद्रे व पंचायत कार्यालये भूकंपरोधक पद्धतीने बांधणे आणि शाळांतून नियमित सराव घेणे, हाच आजचा खरा उपाय आहे. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली, त्याचाही धडा हाच होता.

सोलापूरचे ढग

पर्जन्यछायेच्या प्रदेशात कृत्रिम पावसाचा विषय निघाला नाही, असे दुष्काळी वर्ष क्वचितच जाते. मागणी होते, विमाने उडतात आणि थोडा पाऊस झाला तर तो विमानामुळे की निसर्गतःच, हा वाद उरतो. या वादाचे शास्त्रीय उत्तर शोधण्याचे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने हाती घेतले.

संस्थेला या विषयाची परंपरा आहे. १९७३ ते १९८६ या काळात तिने बारामती परिसरात अकरा हंगाम मिठाची पूड फवारून प्रयोग केले आणि पावसात सुमारे २४ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर उपकरणे पुष्कळ सुधारली. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात नवा प्रयोग करण्यात आला. त्यासाठी दोन विमाने, रडार आणि जमिनीवरील पर्जन्यमापकांचे जाळे वापरण्यात आले. एकूण २७६ ढगांची निवड झाली. त्यांपैकी कोणत्या ढगात कॅल्शियम क्लोराईडचे सूक्ष्म कण सोडावयाचे आणि कोणता ढग तसाच ठेवावयाचा, हे चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले. कण सोडलेल्या आणि न सोडलेल्या ढगांची तुलना झाली, तरच फरक प्रयोगामुळे पडला असे म्हणता येते.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. काही ठिकाणी ती ४६ टक्क्यांपर्यंत गेली. मात्र हे आकडे पूर्ण वाचले पाहिजेत. ही वाढ योग्य ढग, योग्य वेळी आणि योग्य पद्धतीने हाताळल्यावरची आहे. सर्वच ढग या कामाचे नसतात आणि ढगच नसतील, तर कोणतेही रसायन पाऊस पाडू शकत नाही. दुष्काळात नेमके ढगच दुर्मीळ असतात. म्हणून मेघबीजन हा जलसंधारणाला पूरक उपाय होऊ शकेल; त्याची जागा तो घेऊ शकणार नाही. पडलेल्या पावसाचे पाणी अडविण्यासाठी बंधारे व शेततळी तयार नसतील, तर अठरा टक्के जादा पाऊसही वाहून जाईल. दुष्काळ निवारणाचा आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवावा.

गावाचा वाटा येथे वेगळ्या प्रकारचा आहे. शिवारात बसविलेले पर्जन्यमापक जनावरांनी पाडले, त्यावर झाडाची फांदी आली किंवा कोणी त्यात पाणी ओतले, तर एका हंगामाची नोंद वाया जाते. पर्जन्यमापकाची राखण ही संशोधनातील प्रत्यक्ष भागीदारीच आहे.

विजेची पूर्वसूचना

संशोधनाचा लाभ सामान्य माणसापर्यंत सर्वांत लवकर पोहोचला, तो वीज पडण्याच्या पूर्वसूचनेच्या बाबतीत. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख कार्यालयाच्या नोंदीनुसार २०२२ या वर्षी देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. अशा दुर्घटनांत शेतात राबणाऱ्यांचा आणि गुरे राखणाऱ्यांचा मोठा भरणा असतो. महाराष्ट्रात मान्सूनपूर्व काळात आणि परतीच्या पावसात, विशेषतः दुपारनंतर, हा धोका अधिक असतो. नेमक्या याच काळात पेरणीपूर्व मशागत आणि खरिपाची काढणी चालू असते.

वीज चमकते तेव्हा प्रकाश आणि गडगडाटाबरोबर रेडिओ लहरीही निघतात. रेडिओ संचावर त्याची खरखर ऐकू येते. खोडदच्या दुर्बिणीला हा गोंगाट नकोसा असतो. येथे मात्र तोच उपयोगी पडतो. ही लहर वेगवेगळ्या ठिकाणच्या संवेदकांपर्यंत किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचते. वेळेतील या फरकावरून वीज कोठे चमकली, हे गणिताने काढता येते. पुण्याच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात वीस संवेदकांचे जाळे उभारून या कामास आरंभ केला आणि पुढे ते देशभर वाढविले. या जाळ्याच्या आधारे तयार झालेले ‘दामिनी’ हे मोबाईलवरील साधन, आपल्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज चमकत असल्यास सावध करते. विजेचा ढग जवळ येण्यापूर्वी सुरक्षित ठिकाणी जाण्यास त्यामुळे अवधी मिळतो.

परंतु सूचना मोबाईलमध्ये येऊन थांबली, तर तिचा उपयोग होत नाही. शिवारात काम करणाऱ्या मजुराजवळ असा संच असेलच असे नाही. असला तरी तो बांधावरच्या पिशवीत असतो. म्हणून गावपातळीवर व्यवस्था हवी. ग्रामपंचायतीने एका व्यक्तीवर सूचना पाहण्याची जबाबदारी सोपवावी आणि ध्वनिक्षेपकावरून अथवा भोंग्याने गावाला सावध करावे. झाडाखाली उभे राहू नये. पक्क्या घरात जावे. शेळ्या-मेंढ्यांना एकट्या झाडाखाली गोळा करू नये. आसरा नसल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे, जमिनीवर आडवे होऊ नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. या गोष्टी शाळेत शिकविल्या, तर मुले त्या घरी नेतील.

गावाचा वाटा

या पाच कामांकडे एकत्रितपणे पाहिले असता दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की प्रत्येक संशोधन गावाकडे काही ना काही मागते. खोडदला रेडिओ शांतता हवी, औंढ्याला स्थिर जमीन, कोयनेला विश्वास, सोलापूरला राखण आणि विजेच्या सूचनेला ती पोहोचविणारा माणूस. दुसरी अशी की प्रत्येकाचा मोबदला सारखा नाही. विजेच्या सूचनेचे फळ त्याच दिवशी मिळते. कोयनेच्या अभ्यासाचे फळ सुरक्षित बांधकामाच्या रूपाने काही वर्षांनी मिळेल. खोडद आणि औंढा यांचे फळ प्रामुख्याने ज्ञानाचे आणि प्रशिक्षणाचे आहे. हा फरक लपवून सर्वच प्रकल्पांना ‘विकासाची गंगा’ म्हणणे योग्य होणार नाही. अशा शब्दांनी अपेक्षा वाढतात आणि पुढे निराशा पदरी येते.

यासाठी काही गोष्टी फारशा खर्चाशिवाय करता येतील. संशोधन प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी परिसरातील ग्रामसभेत येऊन, काय केले, काय आढळले आणि काय अद्याप कळलेले नाही, हे मराठीतून सांगावे. तहसील व जिल्हा कार्यालयांनी रस्ते, खाणी आणि मनोरे यांच्या प्रस्तावांची छाननी करताना जवळच्या वेधशाळेचे मत आरंभीच मागवावे. शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातील ध्वनी, प्रकाश, खडक आणि पर्जन्य या धड्यांना आपल्याच जिल्ह्यातील या कामांची जोड द्यावी. शाळेच्या आवारात एक साधे पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांना रोजची नोंद ठेवावयास लावली, तरी निरीक्षण, मोजमाप आणि प्रामाणिक नोंद या शास्त्राच्या तीन पायऱ्या त्यांना आपोआप समजतील.

पंचायत सदस्यांचे काम यात सर्वांत नाजूक आहे. गावाची गैरसोय शास्त्रज्ञांपुढे ठामपणे मांडणे आणि शास्त्रज्ञांची गरज गावापुढे तितक्याच स्पष्टपणे ठेवणे, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनाच पार पाडावयाची आहेत. दोन्ही बाजू एकमेकींना ओळखू लागल्या, म्हणजे शिवारात उभे राहिलेले परके वाटणारे उपकरण हळूहळू गावाचे होईल आणि त्याची राखणही गावच करील.